भाषेचं भांडण वेगळ्या कागदावर करा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आलेलं पत्र थोडं आटोपशीर करून देतो:

«दादा, नमस्कार. नवरा गोव्यात कामाला असतो. घरी सासरे, मी आणि सातवीतला मुलगा. आमच्या गल्लीच्या तोंडाला पंचायतीनं बोर्ड लावलाय, सगळा कानडीत. मुलगा शाळेत कानडी शिकतो, त्यानं वाचून दाखवलं. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी, गटाराचं काम, लांबी 150 मीटर, काम पूर्ण. आणि गटार तर आमच्या दारापर्यंत येतच नाही, अलीकडंच थांबलंय. पावसात सगळं पाणी आमच्या सोप्यात. टेप नव्हती म्हणून शेतातला शंभर फुटी पाईप लावून मोजलं. तीन पाईप आणि वर आठ-दहा हात भरलं.

मी मराठीत अर्ज लिहून पंचायतीत नेला. गटाराची सगळी माहिती द्या, काम अर्धवट का ठेवलं, बाकीचे पैसे कुणी खाल्ले, असं विचारलं होतं. तिथल्या माणसानं उभ्या उभ्या वाचला आणि परत माझ्या हातात दिला. ‘कन्नडदल्ली बरेदु तन्नी’ म्हणाला, म्हणजे कानडीत लिहून आणा. सासरे म्हणतात, ‘कशाला त्या भानगडीत पडतीस, सदस्य आपल्याच भावकीतला हाय.’ मला सांगा, मराठीत अर्ज करायचा मला हक्क नाही का? आणि कानडीतच करायचा असेल तर आपण इतकी वर्षं भांडतोय ते कशाला?

– एक वहिनी»

वहिनी,

आधी पाईपाबद्दल बोलतो. तीन पाईप म्हणजे तीनशे फूट, वर दहा हात धरले तर आणखी पंधरा. साधारण 96 मीटर झाले. बोर्डावर 150. म्हणजे चोपन्न मीटरचा फरक. मी अठ्ठावीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. माहितीच्या अधिकाराचा कायदा आल्यावर शेकडो अर्ज माझ्या टेबलावरून गेले. त्यातल्या फार थोड्या लोकांनी अर्ज करण्याआधी जागेवर जाऊन काही मोजलेलं असायचं. बाकी सगळे ‘भ्रष्टाचार झाला आहे’ इथूनच सुरुवात करायचे. तुमच्याजवळ आकडा आहे.

आता प्रश्नाचं उत्तर, न फिरवता. माहिती अधिकार कायदा 2005 चा. त्याचं कलम 6(1) सांगतं की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा. कर्नाटकात राजभाषा कन्नड. त्यामुळे या कायद्याखाली केवळ मराठीत लिहिलेला अर्ज घ्याच, असं त्या माणसाला सांगण्याची सोय कायद्यानं ठेवलेली नाही. मला हे लिहायला आवडत नाही, पण खोटं सांगून तुम्हाला परत पंचायतीत हेलपाटे घालायला लावणं त्याहून वाईट.

गंमत बघा. हिंदीत लिहिलेला अर्ज मात्र त्याला भाषेच्या कारणानं परत करता येत नाही. लिपी तीच, ‘गटार’च्या जागी ‘नाली’ केलं, ‘आहे’च्या जागी ‘है’ केलं की तोच कागद कायदेशीर. आमच्या ओळखीचे एक मास्तर हट्टानं असंच करायचे. अर्ज घ्यावा लागायचा, पण तो वाचून फाईल शोधणारं माणूस कचेरीत नसायचं. मग तीस दिवस संपेपर्यंत तो नुसता पडून. मास्तरांचं तत्त्व राहायचं आणि कागद मिळायचा अपिलात, तीन-चार महिन्यांनी. तुमच्या सोप्यात पाणी येतंय, तुम्हाला इतका वेळ नाही.

म्हणून माझं मत असं की गटाराचा अर्ज कानडीतच द्या. मराठीचं भांडण सोडू नका, पण ते दुसऱ्या कागदावर करा. तुमच्या पत्रात ही दोन भांडणं एका दाव्याला बांधली गेलीत, आणि याचा फायदा होतो तो नेमका ज्याला माहिती द्यायची नाही त्याला. त्याला तुमच्याशी गटारावर बोलायचंच नाही. भाषेवर बोलायला तो एका पायावर तयार आहे. भाषेवरची चकमक गावाला समजते, दोन्ही बाजूंची माणसं गोळा होतात, पेपरात येते. चोपन्न मीटरचं पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही.

आणि जरा आठवा, सासरे काय म्हणाले. सदस्य आपल्याच भावकीतला. म्हणजे कानडीच्या आड जो उभा आहे तो मराठीच आहे. माझ्या नोकरीत हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता नवल वाटत नाही. सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधात 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळणारा माणूस दुसऱ्या दिवशी पंचायतीत बसून ‘कन्नडात लिवून आणा की ओ’ म्हणतो, कारण समोरच्याला कन्नड येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि उलटंही पाहिलंय. धारवाडकडून आलेला एक विकास अधिकारी, मराठीचा शब्द येत नसलेला, एका म्हाताऱ्या मावशींना शेजारी बसवून, त्यांच्या खुणांवरून स्वतःच्या हातानं अर्ज लिहून द्यायचा. तसं करणं म्हणजे मेहेरबानी नव्हे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कामच आहे, आणि ते त्याच कलम 6(1) मध्ये लिहिलंय. ते सहसा कुणी वाचून दाखवत नाही, एवढंच.

कानडी अर्ज म्हणजे फार मोठा डोंगर आहे असं समजू नका. या कायद्याला कानडीत काय म्हणतात ठाऊक आहे? ‘माहिती हक्कु अधिनियम’. माहितीला त्यांच्याकडंही माहितीच म्हणतात. तुमच्या पंचायतीतला ‘सार्वजनिक माहिती अधिकारी’ हा कानडीतही सार्वजनिक माहिती अधिकारीच. ठरावाला ‘ठरावु’, अर्जाला ‘अर्जी’, नकलेला ‘नकलु’, अंदाजपत्रकाला ‘अंदाजु पट्टी’, आराखड्याला ‘क्रिया योजने’, गुत्तेदाराला ‘गुत्तिगेदार’. जमाबंदी तर जशीच्या तशी. नवीन शिकायचे शब्द चार-पाच: काम म्हणजे ‘कामगारी’, गटार म्हणजे ‘चरंडी’, मोजमाप वही म्हणजे ‘अळते पुस्तक’, साक्षांकित प्रत म्हणजे ‘दृढीकृत प्रती’, आणि अपील म्हणजे ‘मेल्मनवी’. जुन्या मुंबई राज्यात या दोन भाषा एकाच कचेरीत, एकाच टेबलावर होत्या. शब्द तेव्हाचे राहिलेत. माणसं वेगळी झाली.

तुम्ही सांगा आणि मुलाला लिहू द्या. सातवीतल्या पोराचं कानडी या कामाला पुरतं. अडलं तर हायस्कुलातल्या कानडीच्या बाईंना दाखवा. अगदीच नको वाटलं तर तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेले अर्ज लिहिणारे असतात, त्यांना मजकूर मराठीत सांगा, ते लिहून देतात. पण मजकूर तुमचा असू द्या. ते स्वतःच्या मनानं लिहायला लागले की ‘मान्यवरांनी कृपा करून’ यातच अर्धं पान जातं.

आणि इथं जागा मोजकी आहे. कर्नाटकाच्या नियमांत एक अट आहे जी महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना सांगितली की त्यांनाही ओळखीची वाटते: अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत. नमुना ठरलेला आहे, ‘नमुने ए’ म्हणतात त्याला, पंचायतीत किंवा झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. तुमच्या मूळ अर्जात गटार होतं, रस्त्यावरचे दिवे होते आणि अंगणवाडीचं छत होतं (पत्रासोबत फोटो पाठवलात म्हणून कळलं). तो मराठीत होता म्हणून परत आला असं तुम्हाला वाटतं. कानडीत असता तरी आला असता. दिवे आणि छत यांना वेगळे अर्ज करा, पुढच्या महिन्यात.

‘का’ हा शब्द काढून टाका. ‘काम अर्धवट का ठेवलं’ ही माहिती नव्हे, तो जाब आहे. कायद्यात माहिती म्हणजे कचेरीत जे आधीपासून कागदावर आहे ते. अधिकाऱ्यानं नवीन कारण तयार करून द्यावं अशी अपेक्षा करता येत नाही, आणि ‘पैसे कुणी खाल्ले’ असा कागद तर कुठल्याच कचेरीत नसतो. असतात ते दुसरे कागद. तुमचा अर्ज मी असा लिहिला असता:

«आमच्या गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या फलकावरील, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून झालेल्या गटार कामाबाबत पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: 1) काम मंजूर केल्याचा ठराव. 2) अंदाजपत्रक आणि कामाचा नकाशा. 3) या कामाच्या मोजमाप वहीची सर्व पानं. 4) गुत्तेदाराला दिलेल्या बिलांच्या आणि व्हाउचरांच्या प्रती. 5) काम पूर्ण झाल्याचा दाखला. तसेच वरील फाईल प्रत्यक्ष पाहण्यासाठी दिवस आणि वेळ कळवावी.»

एवढंच. पन्नासेक शब्द झाले. फलकावर कामाचा नंबर असेल तर तो पहिल्या ओळीत घाला. फलकाचा फोटो आजच काढून ठेवा, तारीख दिसेल असा. फलक हा लोखंडाचा असतो आणि लोखंड भंगारात जातं, याहून जास्त मी काही लिहीत नाही.

या पाच कागदांतला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. मोजमाप वही म्हणजे इंजिनियरच्या हाताखालची वही, सगळे तिला एम. बी. म्हणतात. काम बघून त्यानं तिच्यात आकडे लिहायचे, आणि त्या आकड्यांवर बिल निघतं. पान उघडलं की आडव्या ओळीत रकाने दिसतील: कामाचं वर्णन, नग, लांबी, रुंदी, खोली, आणि शेवटी गुणाकार. तुमच्या गटाराची ओळ साधारण अशी दिसेल: 1, मग 150.00, मग 0.45, मग 0.60. त्यातली दुसरी संख्या बघा. ती 150 असेल तर तुमचा पाईप आणि ती वही यांच्यात भांडण आहे, आणि वहीखाली सही करणाऱ्याला उत्तर द्यावं लागेल. ती 96 असेल तर मामला वेगळा. म्हणजे मोजणाऱ्यानं खरं लिहिलं, बिल तेवढंच निघालं, आणि फलक रंगवणाऱ्यानं मंजुरीचा आकडा तसाच ठेवला. आणि कधी कधी दोन ओळी असतात: एक 96 ची आणि खाली दुसऱ्या गल्लीची 54 ची. तसं असेल तर चोरी नाही, फक्त तुमच्या गल्लीवर अन्याय आहे, आणि त्याची दाद ग्रामसभेत मागायची. म्हणून आत्ताच भावकीत कुणाला चोर म्हणू नका. कागद येऊ द्या.

जुन्या वहीत आकडे कानडी असू शकतात. दहाच आकडे आहेत, मुलाकडून अर्ध्या तासात शिकून घ्या. पाच आणि सहा यांत गोंधळ होतो, तेवढं सांभाळा.

फाईल प्रत्यक्ष पाहायची मागणी मी मुद्दाम घातली. झेरॉक्स मागितली की ‘एवढीच पानं आहेत’ म्हणून चार पानं हातात येतात. समोर बसून फाईल उलटली की पाचवं पान सापडतं. कायद्यात काम बघण्याचा, नोंदी घेण्याचा, एवढंच नव्हे तर वापरलेल्या मालाचा साक्षांकित नमुना घेण्याचाही हक्क आहे. गटाराच्या काँक्रीटचा तुकडा मागता येतो, सहीशिक्क्यासह. तुम्हाला सध्या त्याची गरज नाही, पण तुमच्या नवऱ्याला सांगा. गोव्यात बांधकामावर असतील तर हसतील.

आता ज्या गोष्टीवर मला खरोखर राग आला ती. तुम्ही अर्ज दिला, त्यानं वाचला, परत दिला, आणि तुम्ही घरी आलात. तुमच्याजवळ त्या दिवसाचं काय आहे? काहीच नाही. ना शिक्का, ना सही, ना तारीख. कचेरीच्या हिशेबानं तुम्ही त्या दिवशी तिथं गेलाच नव्हता. कारकुनी जगात जे आवक रजिस्टरात नाही ते घडलेलं नाही, हे मी अठ्ठावीस वर्षं शिक्का मारून शिकलोय. पुढच्या वेळी दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर पोच घ्या. कानडीत ‘स्वीकृती’ म्हणा, समजेल. निळ्या शाईचा चौकोनी शिक्का असतो, मध्ये तारखेसाठी रेघ मोकळी असते. नुसता शिक्का मारून देतात आणि रेघ तशीच ठेवतात. ती पेनानं भरून घ्या, नंबर घालून घ्या, खाली आद्याक्षरी घ्या. माणूस म्हणेल ‘साहेब नाहीत, उद्या या’. साहेब नसले तरी अर्ज घेता येतो. तरीही नाहीच घेतला तर भांडू नका. बाहेर या, पोस्टात जा, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. विनाकारण अर्ज नाकारणं हे दंडाला पात्र आहे, पण त्याला पुरावा लागतो, आणि पोस्टाची पावती बोलते.

फी 10 रुपये. पंचायतीत रोख भरली तर पावती मागा. पोस्टानं पाठवणार असाल तर दहाची पोस्टल ऑर्डर जोडा, ती कुणाच्या नावे काढायची ते आधी विचारून घ्या. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर त्याची नक्कल लावा, फी माफ आहे. प्रतींचा दर पानाला 2 रुपये. किती पानं आणि किती पैसे ते त्यांनी तुम्हाला कळवायचं, तुम्ही भरायचे. त्यांनी कळवल्यापासून तुम्ही भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून पत्र आलं की लगेच भरा.

मुदत तीस दिवसांची. अर्ज पोचला त्या दिवसापासून मोजा, कॅलेंडरवर गोल करा. तीस दिवसांत उत्तर नाही म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं नकारच. त्यानंतर जे काही देतील ते फुकट द्यावं लागतं, हेही लक्षात असू द्या. मग पहिलं अपील, तीस दिवसांच्या आत. ग्रामपंचायतीत माहिती अधिकारी बहुतेक पीडीओच, म्हणजे पंचायत विकास अधिकारीच असतो. त्याच्यावरचं अपील तालुका पंचायतीच्या कार्यनिर्वाहक अधिकाऱ्याकडं, म्हणजे खानापुरातच. तिथंही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं. आयोग बेंगळूरला आहे म्हणून पोटात गोळा येऊ देऊ नका, त्याचं पीठ बेळगावात बसतं. माहिती द्यायला उशीर करणाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड होऊ शकतो, आणि तो त्याच्या पगारातून जातो. पहिल्या अपिलाच्या कागदावर हा आकडा लिहायचा नसतो. त्याला माहीत असतो.

कदाचित ‘ही गुत्तेदाराची वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही’ असं उत्तर येईल. 2023 च्या वैयक्तिक डेटा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर या कारणाचा आधार घेणं सोपं झालंय, त्यामुळे ते जास्त ऐकू येणार. त्यावर उत्तर साधं: खाते नंबर काळा करा आणि बाकीचं द्या. कलम 10 त्यासाठीच आहे. आणि सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम 8(2) अजून शाबूत आहे. सरकारी पैशाच्या गटाराची लांबी कुणाची खाजगी बाब असेल, हे मला तरी पटत नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण पत्रातून दिसतं की तुमच्या मनात आहे: अर्ज कुणाच्या नावानं? तुमच्या. नवऱ्याच्या नावानं केलात तर फाईल बघायला गोव्याहून कोण येणार? स्त्रीशक्ती संघाच्या, म्हणजे बचत गटाच्या लेटरहेडवर करू नका. हा हक्क नागरिकाला आहे, संघाला नाही, आणि तेवढं कारण परत पाठवायला पुरतं. गावात नाव उघड करायचं नसेल तर दुसरी वाट आहे. अर्जदार त्या गावचाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. बेळगावातला भाऊ, कोल्हापुरातली मावसबहीण, भारताचा कुणीही नागरिक तुमच्या गटाराचे कागद मागू शकतो, आणि ‘तुम्हाला कशाला हवी’ असं त्याला विचारता येत नाही. तरी मी म्हणेन तुम्हीच करा, पण एकट्या नको. त्याच गल्लीतल्या आणखी दोघींनी स्वतःच्या नावानं तोच अर्ज वेगवेगळा दिला तर ‘अमक्याची सून’ हे लेबल लागत नाही.

आणि सासऱ्यांना आधी सांगा. अर्ज दिल्यावर पारावर कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं. त्यांना भीती तुमच्या धाडसाची नाही, दिवाळीत भावकीच्या पंगतीत बसायचं कसं याची आहे, आणि ती खोटी नाही. त्यांना सांगा की अर्जात कुणाचंही नाव नाही. खरंच नाहीये, वरचा मजकूर पुन्हा वाचा.

अर्ज न करताही काही गोष्टी दिसतात. केंद्राच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशाचा खर्च पाहता येतो. मोबाईलवर मुलगा उघडून देईल. सगळं सापडेलच असं नाही, पण कामाचं नाव आणि रक्कम मिळाली तर अर्जात नेमकेपणा येतो. ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच पाहिजे. आणि जमाबंदी. आपल्याकडच्या मराठी माणसाला जमाबंदी म्हटलं की शेतसारा आठवतो, म्हणून कुणी जात नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीची जमाबंदी दरवर्षी 16 ऑगस्ट ते 15 सप्टेंबर या दिवसांत होते. वरचा अधिकारी येतो, मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि कामं गावासमोर तपासायची असतात, फाईली टेबलावर असतात. एका गावच्या जमाबंदीला मी हजर होतो. पंचायतीचा स्टाफ, दोन सदस्य, चहावाला आणि मी. दवंडी दिली होती म्हणाले. नोटीस लावलेली होती खरी, पंचायतीच्या आतल्या दारावर, कानडीत.

यावरून तुमच्या दुसऱ्या भांडणाकडं येतो. ती नोटीस मराठीत का नव्हती, बोर्ड मराठीत का नाही, हा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. फक्त त्याचं कलम वेगळं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये पंचायतीनं कुणी न मागता स्वतःहून काय काय जाहीर करायचं याची यादी आहे, आणि 4(4) म्हणतं की ते जाहीर करताना स्थानिक भाषा आणि त्या भागात लोकांपर्यंत पोचण्याचा सगळ्यात प्रभावी मार्ग यांचा विचार करावा. राजभाषा नव्हे, स्थानिक भाषा. कलम 6 मध्ये आपल्याला जे नाही ते इथं आहे. तुमच्या गावाची स्थानिक भाषा कुठली, हे सांगायला तज्ज्ञ नको. त्याशिवाय भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांत आहे की जिथं 15 टक्के किंवा त्याहून जास्त लोक ती भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही द्यावेत. आणि अल्पसंख्याक भाषांसाठी केंद्राचा स्वतंत्र अधिकारी नेमण्याची तरतूद घटनेच्या कलम 350-ब मध्ये आहे. ते कलम आलं 1956 साली, सातव्या घटनादुरुस्तीनं. ज्या वर्षी आपल्याला मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं त्याच वर्षी. देणाऱ्याला ठाऊक होतं काय घेतलं जातंय.

हे निवेदन मराठीत लिहा. इथं तुम्हाला तो हक्क आहे. घटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाणं मांडायचं असेल तर राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याला देता येतं. गाऱ्हाणं आणि माहितीचा अर्ज यांत हाच फरक. मागणी एकच ठेवा: कामाचे फलक, ग्रामसभेच्या आणि जमाबंदीच्या नोटिसा कानडीसोबत मराठीतही लावाव्यात. ‘सोबत’ हा शब्द विसरू नका, ‘ऐवजी’ लिहिलंत तर गावातली चार कानडी घरं विनाकारण दुखावतील. वर पीडीओचं नाव, प्रती जिल्हा पंचायतीच्या सीईओंना आणि जिल्हाधिकाऱ्यांना. गल्लीतल्या जितक्या जणींच्या सह्या मिळतील तितक्या घ्या. इथं जास्त सह्या चालतात.

याला लवकर यश येईल असं मी म्हणत नाही. बेळगावच्या महापालिकेत मराठी नगरसेवकांनी सभेचे कागद मराठीत द्या म्हणून किती वर्षं घसा कोरडा केला, तुम्हाला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून पडून आहे. तुमचं गटार त्या रांगेत उभं करू नका, एवढंच माझं म्हणणं. कानडीत अर्ज लिहिणं म्हणजे शरण जाणं, असं तुम्ही थेट लिहिलं नाहीत, पण ओळींच्या मध्ये तेच आहे. माझे वडील सत्याग्रहात हिंडलग्याच्या जेलमध्ये जाऊन आले. सातबारा बंद होऊन इथला उतारा कानडीत आला तेव्हा पन्नाशीत बाराखडी गिरवून वाचायला शिकले. म्हणायचे, जमीन माझी आहे, ती कुणाच्या नावावर चढली हे दुसऱ्याकडून वाचून घेणार नाही.

कामाला लागायचा क्रम सांगतो. आज फलकाचा फोटो. या रविवारी पुन्हा मोजणी, पण पाईपानं नव्हे. गवंड्याकडून टेप मागून आणा, शेजारणीला एक टोक धरायला सांगा, आणि जिथं गटार थांबतं तिथं भिंतीवर खडूनं खूण करा. सोमवारी कानडी अर्ज, दोन प्रती, दहा रुपये सुटे. मराठी निवेदन त्याच दिवशी देऊ नका. आठवडाभर थांबा, नाहीतर दोन्ही एकाच फाईलला लागतील.

मोजमाप वहीची पानं हाती आली की फोटो काढून पाठवा. कडेचे रकाने कापले जाणार नाहीत असा काढा, मागच्या वेळी अर्जाच्या फोटोत तुमचा अंगठा आला होता.